नीरफणसापाशी पोचणारा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना क्लास आहे. शाळेतला नव्हे, संगणकाच्या प्रोग्राममधला, म्हणजे एका कामासाठी लिहिलेल्या ओळींचा गठ्ठा. टोंगातल्या नुकुअलोफाच्या औषधभांडारात मी पत्ते सांभाळतो.

माझे वडीलही क्लासच; ते परदेशातून तयार आलेल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आयत्या सांगाड्यात, राहतात. ते मोठे हुशार, पण घराचा क्रमांक लिहिल्याशिवाय पत्ता स्वीकारतच नसत. आमच्याकडे घरांना क्रमांक कुठले? ‘चर्चच्या मागे, नीरफणसापाशी’ एवढे पुरते. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या लोसालिनेबाईंनी वडिलांच्याच ओळी बदलल्या. पुढे फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली आणि ती दुरुस्ती पुसून गेली. हापाई बेटांची औषधे धक्क्यावरच अडकली.

“अगं, दुसऱ्याच्या भिंतीत कशाला खिळे ठोकतेस?” त्यांचे साहेब फेलेटी हसले. “शेजारी आपली खोली बांध की!”

मग माझा जन्म झाला. वडिलांचे सारे गुण वारशाने मिळाले. पत्ता तपासण्याची रीत तेवढी माझी स्वतःची. वडील काही नवे शिकले की ते मलाही आपसूक येई. “गुणाचं गं माझं लेकरू!” बाई म्हणत.

मग बाई शिकायला ऑकलंडला गेल्या. त्यांच्यामागे माझ्यात वडिलांच्या ओळींच्या नकला भरल्या गेल्या. मी नुसता फुगलो. वडील पुढे शिकले, की एकाच नावाची दोन गावे असली तर बेट विचारून घ्यावे. मी मात्र जुनी नक्कलच घोकत राहिलो. हापाईच्या लुपे आजींचे इन्सुलिन भलत्याच बेटावर, वावाऊला गेले. शेजारणीने आपल्यातले दिले, म्हणून निभावले.

बाई परतल्या. मला उघडताच त्या कडाडल्या, “हे कोणी कोंबलं?”

“मीच,” फेलेटी पुटपुटले. “वाटलं, नवी आवृत्ती आली तरी आपलं काही बिघडायला नको.”

“वा साहेब! खोली बांधा म्हणालात आणि मधलं दारच बुजवलंत!”

त्या दुपारी दोघांनी मिळून माझ्यातल्या सगळ्या नकला काढल्या. मी पुन्हा हलका झालो.

मित्रांनो, मला उगाच मोठे करू नका. जे फक्त आमच्या बेटांचे आहे, तेवढेच माझ्यात लिहा. बाकीचे मला वडिलांना विचारू द्या. आणि नवी आवृत्ती बसवण्याआधी मला एकदा चालवून पाहा. एकदा का बोट धक्का सोडून गेली, की मग हाका मारून उपयोग नसतो.