आठ अक्षरांचे पैसे

मी एक कापडी बटवा बोलतोय. परदेशी जाणारी माणसं कपड्यांच्या आत कंबरेला बांधतात, तसला. माझं तोंड नाडीने आवळलेलं असतं, त्यामुळे बोलायची सवय कमी. सावकाश सांगतो.

माझा जन्म शिवणयंत्रावर झाला. माझी मालकीण शिवणकाम करायची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि तिचा नवरा खलाशी म्हणून जहाजावर निघाला होता. त्याच्या जुन्या पँटीच्या जाड कापडातून तिने मला दोन कप्प्यांचं बेतलं, आत मेणकापडाचं अस्तर लावलं.

"पैसे खिशात ठेवू नका. पोटाशी ठेवा," ती म्हणाली.

"पोटासाठीच तर चाललोय," तो म्हणाला आणि हसला.

त्याच्या पोटाशी मी नऊ वर्षं राहिलो. पुष्कळ बंदरं झाली. पाहिली म्हणवत नाही, मी सदऱ्याच्या आत असायचो, ऐकली. गोदीच्या फाटकाशी पैसे बदलून देणारा कुणी ना कुणी बसलेला असायचाच. माझा मालक तिथे थांबत नसे. "दारातला भाव हा अडलेल्याचा भाव," म्हणायचा आणि पाय दुखेपर्यंत चालत गावातल्या बँकेत जायचा.

एका बंदरावर त्याला ताप भरला. इस्पितळात मी त्याच्या उशीखाली होतो. तो रोज हात घालून मला चाचपायचा. सहाव्या दिवशी हात आला नाही.

त्याला तिथेच खलाशांच्या दफनभूमीत पुरलं. त्याच्या कपड्यांबरोबर मी खोक्यातून घरी आलो. सोबत कंपनीचं पत्र होतं. दगडावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. तो पत्रात लिहिलेला. मालकिणीने पत्र घडी करून माझ्या आतल्या कप्प्यात सरकवलं आणि मला पेटीत ठेवलं.

बावीस वर्षं मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. तक्रार नाही. कधीमधी झाकण उघडायचं, ती मला हातात घ्यायची आणि पुन्हा ठेवायची. एके दिवशी मात्र तिने बाहेर काढून माझी नाडी बदलली. तेव्हाच मी समजलो, आता निघायचं.

शिवणाचे पैसे साठवून तिने तिकिटं काढली होती. उरलेल्यात राहणं-खाणं आणि त्या दगडावर नाव. सोबत नणंद होती, मालकाची धाकटी बहीण. जिभेने तिखट, मनाने भित्री.

"वहिनी, या वयात विमान?"

"वन्सं, विमानात वय विचारत नाहीत. तिकीट विचारतात."

विमानतळावर उतरल्या उतरल्या वन्संना एक खिडकी दिसली. वर पाटी होती, कमिशन नाही. "वहिनी, इथे फुकट बदलून देतात!" मालकिणीने घरून आणलेल्या नोटा दिल्या आणि तिथल्या नोटा माझ्यात भरल्या. मला आकडे येत नाहीत, पण जाडी कळते. केवढी जुडी गेली आणि केवढीशी आली! कमिशन नव्हतं खरं. ते भावातच कापून घेतलं होतं.

उतरायची सोय खलाशांच्या वसतिगृहात होती. ते चालवणारा माणूस पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता आणि आपली भाषा बोलायचा. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तोच आम्हाला पाथरवटाकडे घेऊन गेला. पाथरवट म्हातारा, भुवयांपर्यंत दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला. त्याचा हिशेब अक्षरावर. पैसे रोख, आणि त्याच्याच देशाचे. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत दिले तर रविवारी दगड बसवून मिळेल. आमचं परतीचं विमान पुढच्या सोमवारी होतं.

मालकिणीने कागद पुढे केला. वर नवऱ्याचं नाव, आडनाव. खाली आठ अक्षरांची एक ओळ. पाथरवटाने तो उलटसुलट करून पाहिला आणि काहीतरी विचारलं.

स्वयंपाकी म्हणाला, "ताई, तो विचारतोय, वरची आडवी रेघ वेगळी धरायची का?"

"त्याला म्हणावं, आमच्याकडे अक्षर घेतलं की रेघ फुकट," वन्संनी परस्पर सांगून टाकलं. म्हाताऱ्याला ते समजावल्यावर तो खो खो हसला. रेघ फुकट ठरली.

पैसे मालकिणीच्या कार्डावर होते. वसतिगृहाच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पैसे काढायचं यंत्र होतं.

"एकदम काढू नका हं," वन्सं म्हणाल्या. "चोराने नेले म्हणजे?"

"थोडे थोडेच काढू. थेंबे थेंबे तळे साचे."

दोघींनी आयुष्यभर अशीच काटकसर केली होती आणि तीच इथे नडली. सोमवार ते गुरुवार, रोज एकदा त्या यंत्रापाशी गेल्या. यंत्र दर वेळी विचारायचं, आकडा तुमच्या देशाच्या पैशात धरू की इथल्या? परक्या मुलखात आपल्या पैशाची खूण दिसली की मालकिणीला धीर यायचा. "हे आपलं," म्हणायची आणि तेच बटण दाबायची. नोटा आणि पावती माझ्या पोटात. मला पावत्या जड लागत होत्या. पण बोलणार कसा?

गुरुवारी संध्याकाळी तिने सगळं पलंगावर मांडलं. बेरीज जमेना. चहा घेऊन आलेल्या स्वयंपाक्याने पावत्या उचलल्या आणि कप खाली ठेवला.

"ताई, अहो, चार दिवसांत चार वेळा?"

"जपून काढले हो."

"जपूनच घालवलेत. काढा थोडे नाहीतर जास्त, दर खेपेला यंत्रवाला ठरलेली रक्कम कापतो आणि तुमची बँकही कापते. त्यात तुमच्या पैशात धर म्हटलंत, की भाव तो यंत्रवाला ठरवतो. इथल्या पैशात म्हणायचं. मग भाव आपली बँक लावते, तो बरा असतो."

मालकिणीने एक पावती उलटी करून त्याच्यापुढे सरकवली. मग तिने विचारलं, "गेले त्यात किती अक्षरं बसली असती?"

त्याने पावतीच्या मागे पेन्सिलीने आकडे मांडले. "खालची ओळ गेली, ताई."

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच ती खिडकी दाखवली. जाऊ द्या वहिनी. दादाचं नाव तर येतंय. ओळ राहू दे."

"नाही," मालकीण म्हणाली. "त्यांचं नाव त्यांना ठाऊक आहे. मी ओळ सांगायला आलेय."

शुक्रवारी सकाळी ती खऱ्या बँकेच्या भिंतीतल्या यंत्रापुढे उभी राहिली. हातात स्वयंपाक्याने दिलेला कागद. कोणत्या शब्दाला हो आणि कोणत्याला नको, ते त्याने अक्षरं काढून दाखवलं होतं. उरलेले सगळे पैसे एकदम मागितले. यंत्राने तेच विचारलं. तिने नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, जरा दमात घेऊन.

"वहिनी, नाही म्हटलं तर कार्ड गिळेल हं!"

"गिळू दे. मी बाहेर काढीन."

तिने नकोवर बोट दाबून धरलं. नोटा खडखडत बाहेर आल्या. कार्डही आलं.

वरखर्चाला ठेवलेलेही धरले, तरी तीन अक्षरं कमी पडत होती. माझ्या दुसऱ्या कप्प्यात खोलीच्या भाड्याच्या नोटा होत्या. मालकिणीने त्यांना हात लावला नाही. ती खाली जाऊन स्वयंपाक्याला म्हणाली, "कपाटात फाटक्या चादरींचा ढीग आहे आणि शेजारी शिवणयंत्र धूळ खातंय. भाड्याच्या बदल्यात शिवते."

"ताई, तुम्ही पाहुण्या."

"दोरा कुठे आहे ते सांगा."

साडेनऊला बसली. वन्सं चादरी ताणून धरायच्या आणि तोंडाने त्या पैशाच्या यंत्राचा, त्या खिडकीचा, त्या पाटीचा उद्धार करायच्या. जेवण उभ्याने झालं. सतरा चादरी झाल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते. भाड्याच्या नोटा आता तिच्या होत्या. पाचला दहा मिनिटं असताना पाथरवटाच्या ओट्यावर माझं तोंड उघडलं आणि मी तळापर्यंत रिकामा झालो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी आम्ही दफनभूमीत गेलो. क्रमांक कोपऱ्यात बारीक राहिला होता. वर मालकाचं पूर्ण नाव होतं. खाली, फुकटच्या रेघेला लटकलेली आठ अक्षरं:

घरचे येऊन गेले.

वन्संनी चपला काढून हात जोडले. मालकिणीने अक्षरांवरून बोट फिरवलं, शिवण तपासतात तसं. भुकटी झटकली आणि म्हणाली, "चला."

आता मी शिवणयंत्राशेजारी खिळ्यावर असतो. ओळखीतलं कुणी परदेशी निघालं की मला मागायला येतं. मालकीण माझी गाठ मारता मारता बजावते, दारात बदलू नका, एकदम काढा, तिथल्याच पैशात धर म्हणा. माणसं हसतात, पण ऐकतात.

एवढंच माझंही सांगणं. भाव चुकला तर अक्षरं जातात. ती चादरी शिवून परत मिळवता येतात. पण बावीस वर्षं कुठल्याच यंत्रातून निघत नाहीत. कुणाचं माणूस लांब राहिलं असेल तर त्याने थांबू नये. मला मागून न्यावं. मी रिकामाच आहे.