फाटकावरचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिले असेल. पाहून हसलाही असाल.

माझा जन्म रोमानियातल्या झिऊ खोऱ्यात, कोळशाच्या खाणीच्या फाटकाशी झाला. खाली वायूचा स्फोट झाला होता. मुकादम मेलेल्यांची नावे वाचत होता. साबिनचे नाव आले आणि त्याच्या बायकोचे, वेतुरियाचे, तोंड उघडेच राहिले. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होरिया याने नेमके तेव्हा बटण दाबले. लोकांना तिचे दुःख कळावे, एवढाच त्याचा हेतू. मी पहिल्या पानावर छापला गेलो. लोकांनी माझ्यापुढे मेणबत्त्या लावल्या.

मग कोणीतरी मला मोबाइलवर घेतले. फाटक कापले, शेजारच्या बायका कापल्या आणि चेहऱ्यावर लिहिले, 'सासू महिनाभर मुक्कामाला आली!' त्याने ते मित्राला पाठवले, मित्राने कचेरीत. कोणी परीक्षेचा निकाल लिहिला, कोणी हरलेला सामना. शब्द बदलत गेले, चेहरा तोच. पूर्वी गावाने कुणाला ठेवलेले नाव असेच तोंडोतोंडी फिरे, पण डोंगरापाशी थांबे. मी आठवड्याभरात परक्या देशांत पोहोचलो. खरे सांगतो, मला ते आवडले.

वेतुरियाला हे औषधाच्या दुकानात कळले. दुकानातली मुलगी तिला पाहून हसली. का हसलीस, असे विचारल्यावर तिने ओशाळून मोबाइल पुढे केला. वेतुरिया गोळ्या न घेताच घरी गेली.

पुढे चौकशी लागली. वायू वाढताच काम बंद पाडणाऱ्या यंत्रावर खाणीचे साहेब पिशवी बांधायला लावतात, म्हणजे काम थांबत नाही, असे साबिनने मरणाआधी तिला सांगितले होते. साबिनचा जोडीदार इलारिये यालाही ते ठाऊक होते.

"वहिनी, मला अजून तिथंच उतरायचंय," तो म्हणाला. "तुम्हीच बोला."

काळा रुमाल बांधून ती चौकशी समितीपुढे गेली. उभी राहिली, तोंड उघडले. मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसले.

"सासू आली रे."

हसू बाकाबाकांवर पसरले. अध्यक्षांनी खाली पाहिले. त्यांनीही मला पाहिलेले होते.

"बोला, बाई."

"काही नाही साहेब. माझा नवरा कामाला चोख होता. एवढंच." आणि ती खाली बसली.

अहवालात 'कामगारांची हलगर्जी' असे कारण लिहिले गेले. साहेब राहिले, पिशव्याही राहिल्या. पुढच्या मार्चमध्ये तिथेच पुन्हा स्फोट झाला. सात जण गेले. इलारिये त्यांत होता. त्या दिवशी फाटकाशी आलेल्या बायकांनी तोंडे झाकून घेतली होती. होरियाने कॅमेरा आणलाच नाही.

मित्रांनो, हसू नका असे मी कसे म्हणू? माझे आयुष्यच तुमच्या हसण्यावर चालले आहे. पण असा एखादा चेहरा हाती आला, तर पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. त्याचे तोंड उघडे आहे. तो काय सांगत होता, तेवढे विचारा.