पाच नंबरची खाट

चिमणाबाईंनी आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचलून डॉक्टरीणबाईंपुढं धरलं.

“घ्या. पळी बुडवा, काडी बुडवा. काय सापडायचं न्हाय.”

डॉक्टर निशा हसल्या नाहीत. तीन नंबरच्या वॉर्डात आठ पेशंट होते; त्यातले सात जण जुलाब आणि तापानं आडवे झाले होते. जंतू स्वयंपाकघरात सापडले तर ते बंद करून जेवण ठेकेदाराकडे द्यायचं, असं वरून ठरलं होतं. निशांनी विळी, नळ, बायकांचे हात, सगळीकडे कापसाची काडी फिरवली आणि नमुने बाटल्यांत भरून तपासणीला नेले.

चिमणाबाई बावीस वर्षं या शेगडीपुढं उभ्या होत्या. तीन पाण्यांतून धुतल्याशिवाय भाजी विळीला लागत नसे, आणि नखं वाढवलेल्या बाईला त्या पिठात हात घालू देत नसत. त्यांचा ताठा साऱ्या दवाखान्याला ठाऊक होता. खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निशा स्वतः रिपोर्ट घेऊन खाली आल्या.

“मावशी, कुठंच काही सापडलं नाही. स्वयंपाकघर स्वच्छ आहे तुमचं.”

“मग! सांगितलं हुतं की!” बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांपुढं चहा ठेवला.

“पण जंतू आले कुठून? बाहेरचं कुणीच काही खाल्लं नाही म्हणतात. आणि पाच नंबरच्या खाटेवरचे गुरुजी तेवढे ठणठणीत. त्यांनी काय वेगळं केलं, तेच कळेना.”

चिमणाबाईंचा हात कपावरच थांबला. गुरुजींना दूध पचत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी पेला परत केला, तेव्हा चिमणाबाई त्यांना हसल्या होत्या.

कट्ट्याच्या कोपऱ्यात आजचाही कॅन होता. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गोठ्यातलं, पहाटेच्या धारेचं दूध. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडून असलेल्या केरबा पैलवानासाठी त्या ते रोज थेट वॉर्डात नेत. केरबा एकटा कसा पिणार? सगळ्यांना पेला पेला मिळे. चिमणाबाईंचं दूध बाहेरचं आहे, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं दूध त्या दोनदा उकळत; हे मात्र धारोष्ण. उकळलं की जोर जातो, असं त्यांनीच केरबाला सांगितलं होतं.

निशा कप ठेवून उठल्या. गप्प बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“बसा, बाई.” चिमणाबाईंनी कॅन उचलून त्यांच्यापुढं ठेवला. झाकण काढलं. “ह्यात काडी बुडवा. माज्या म्हशीचं हाय. न तापवता माज्याच हातानं पाजलंय समद्यास्नी.”

“मावशी, हे लिहावं लागेल मला. तुमच्या नोकरीचं...”

“लिवा की! सोच्छ स्वयंपाकघरात बसून खोटं बोलू व्हय?”

मग त्या रिकाम्या हातांनी जिना चढल्या. केरबाच्या हाताला सलाईन होतं. भरदार मांड्यांचा गडी चार दिवसांत चिपाडासारखा झाला होता. त्यांना पाहून त्यानं उशीजवळचा पेला चाचपला.

“मावशी, दूध? लई जोर गेलाय बगा अंगातला.”

चिमणाबाईंनी त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

“व्हय रं लेकरा,” त्या म्हणाल्या. “मीच घालवला.”