अकरावी वाघीण

“ही छताची, धान्याची ना?” मी पत्र्याची छोटी वाघीण समोर धरून विचारले.

मित्राने डाव्या हाताचे बोट चादरीवर एकदा आपटले. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याच्याकडे एवढीच भाषा उरली होती.

“लिहा काका,” त्याची सून म्हणाली. “नावाच्या चिठ्ठीशिवाय रेल्वे संग्रहालयवाले या घेणार नाहीत. मी खोकी आणते.” ती खाली गेली.

चाळीस वर्षे हा मालगाडीचे डबे, म्हणजे वाघिणी, तपासत होता. निवृत्त झाल्यावर त्याने पत्र्याच्या वीतभर अकरा वाघिणी केल्या. कोणती कशावरून केली ते लिहून ठेव, असे मी कितीदा सांगितले. “तू आहेस ना पुस्तकी किडा! शोध की,” म्हणून तो हसायचा. माझ्याकडे वाघिणींच्या आराखड्यांचे जाड पुस्तक आहे. आयुष्यात पहिल्यांदाच माझे कुणाला काम पडले होते.

दहा जुळल्या. अकरावी उघडी, कोळशाची. फक्त एका कोपऱ्याची चढायची पायरी नव्हती. गळून पडली असेल, असे मी धरले. काल ती घरी नेली, पत्रा कापून पायरी चिकटवली, रंगवली. या हातांना असले काही जमेल असे वाटले नव्हते. मी खूश होतो.

आता ती त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचे बोट कडेने फिरत पायरीवर थांबले. मग त्याने दोनदा आपटले. पुन्हा दोनदा. नखाने पायरी खरवडू लागला.

“अरे, पुस्तकात चारही कोपऱ्यांना आहे,” मी पान उघडून दाखवले. मूर्खासारखा.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. “पायरी कुणी लावली?”

“मीच. पडली होती ना?”

“पडली नव्हती, भावजी. त्यांनी लावलीच नव्हती.” त्या खाटेच्या कडेला टेकल्या. “खऱ्या वाघिणीची तुटलेली पायरी यांच्या नजरेतून सुटली. गाडी सोडली. पुढच्या यार्डात डबे जोडणारा एक शंटिंगवाला चढायला गेला. पायाखाली काहीच नव्हतं. चाकाखाली गेला बिचारा. चौकशीत यांचं नाव आलं नाही. तोंडानं सांगायचा धीर झाला नाही यांना. म्हणून ही केली. कुणीतरी बघून विचारावं म्हणून.”

पायरी काढायला मी सुरी घातली. पत्र्याला लावायचा गोंद मी दुकानातला सर्वांत चांगला आणला होता. पायरी हलेना, कोपराच वाकू लागला.

“ही न देता घरीच ठेवू का रे?”

दोनदा. जोरात.

मी चिठ्ठीवर लिहिले : ‘उघडी वाघीण. हिला एक पायरी नव्हती.’

तेवढ्यात सून खोकी घेऊन आली, मागोमाग संग्रहालयाचा माणूस. वहिनी लगबगीने खाटेवरून उठल्या.

त्या माणसाने चिठ्ठी वाचली, वाघीण फिरवून पाहिली. “आजोबा, चारही आहेत की! चुकून लिहिलंत.” त्याने चिठ्ठी चुरगाळली आणि माझ्याच पुस्तकातले नाव नव्या चिठ्ठीवर उतरवून घेतले.

“नाही, म्हणजे त्याचं असं...” मी म्हणालो. वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

खोके बंद होताना मित्राने बोट उचलून डावा हात पुढे केला. त्या माणसाने तो आदराने दोन्ही हातांत धरला आणि हलवला.

“अगदी अचूक काम आहे हो तुमचं,” तो म्हणाला.