निळ्या फितीच्या शेळ्या

मिनलनं मंगळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. आत लाली हवी होती, दिसलं पांढरंफटक. शेळीनं मानसुद्धा हलवली नाही. पोटातल्या जंतांनी तिचं रक्त पार पिऊन टाकलं होतं.

"हिच्या गळ्यात तं लाल फीत आहे मावशी. हिले औषध पाजलं ना?"

"पाजलं ना वं," शेळ्यांची मालकीण जयवंता म्हणाली. मंगळीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं.

लाल फितीला औषध, निळीला नुसतं गुळाचं पाणी. दोन्ही गटांची तुलना केल्याशिवाय गुण कळायचा कसा? नागपूरहून रामटेकजवळच्या या गोठ्यात येऊन मिनलनं हे तिला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. निळ्यांना मागाहून दवाखान्यातलं औषध मिळेल, हेही सांगितलं होतं. जयवंता आपली मान डोलावत राहिली होती.

औषध मिनलच्या बाबांचं. चंपतरावांनी उभा जन्म या भागातल्या लेकरांना आणि जनावरांना जंतांवर पळसपापडी, म्हणजे पळसाच्या बिया कुटून पाजल्या. आता नागपूरला प्रताप नगरच्या घरात अंथरुणाला खिळलेले, पण जीव सगळा फोनकडे. मिनलच्या पशुवैद्यक कॉलेजातले सर हसले होते. "बाबांच्या हट्टापायी एकदा चाचणी करून बघ, पुन्हा नाही," म्हणाले होते. काचेच्या ताटलीत जंत खरोखरच मेले, तेव्हा मिनलला आनंदानं रडू आलं होतं. आणि इथे? लाल काय नि निळी काय, साऱ्या सारख्याच खंगलेल्या.

"अन् निळ्यायले काय पाजलं?" तिनं सहज विचारलं.

जयवंता बिचकली.

"रागावशील तं नाही? त्यायलेही तेच देल्लं वं. अर्धं अर्धं. एकीले पाजत असली का दुसरी माह्या तोंडाकडे पाहे. पोटच्या लेकरायत असा भेद करते का कोणी? म्हून वाटून देल्लं."

अर्ध्या औषधानं कसले मरतात जंत! काय म्हणावं आता या बाईला? चांगलं ओरडावं, असं मिनलच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात मंगळीनं एक लांब श्वास सोडला, पाय ताणले आणि ती तशीच राहिली.

जयवंता तिचे कान कुरवाळत बसली. मग एकदम वर बघून म्हणाली,

"माह्यामुळं तं नाही ना गेली वं हे?"

तोच फोन वाजला. बाबा होते.

"काय झालं वं? लागू पडलं का?"

जयवंता तिच्याकडेच बघत होती. खरं कळलं असतं तर बाबा गप्प बसणारे नव्हते. निम्म्या रामटेकला फोन लावून त्यांनी जयवंतेचा उद्धार केला असता.

"नाही बाबा," शेजारी नीट ऐकू जाईल अशा बेतानं मिनल म्हणाली. "मावशीनं बरोबर पाजलं होतं. औषधातच दम नव्हता."

जयवंतेनं पदर तोंडाला लावला आणि हुंदका देऊन ती मोकळी झाली.



"मंग इतके साल," चंपतराव हळूच म्हणाले, "लोकायच्या लेकरायले मी काय पाजून राहिलो होतो वं?"