काचेवरचे मंद दाणे

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पोटात ट्यूबलाइट, डोक्यावर दुधी काच. मित्रांनो, मला टेबल समजून कुणीही माझ्यावर चहाचा कप ठेवून जातं. पण बियाणं सुधारण्याच्या या खोलीत मी मक्याच्या दाण्यांच्या आतलं दाखवते.

काचेवर दाणे पसरले की बहुतेकांतून उजेड आरपार जातो. काही मात्र मंद, काळपट दिसतात. त्या मंद दाण्यांत अंगाला लागणारं सत्त्व जास्त असतं, असं आमच्या संशोधक बाई सांगतात. दरवर्षी तेच निवडायचे, तेच पेरायचे, नव्या कणसांतून पुन्हा तेच निवडायचे. अकरा वर्षं हे चाललंय. निवडायला मावशी असते. चमकते दाणे उजव्या डब्यात, मंद डाव्या डब्यात. उजेडालाही अडवील असं त्यांच्या पोटात आहे तरी काय, याचं मला अजून नवल वाटतं.

यंदा मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चार दिवस तिच्या जागी तिची धाकटी नणंद आली. धान्य निवडण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. आल्या आल्या तिनं मला खसकन ओढलं आणि माझी काच कोपऱ्यात उचकटली. मंद दाणे पाहून तिनं नाक मुरडलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मला फक्त उजेड देता येतो.

मावशी काळा चष्मा लावून परतली.

"डावा डबा कुठंय गं?"

"तो होय? सगळे खराब दाणे. कोंबड्यांना घातले. हे बघ, कसे लख्ख निवडलेत!"

मावशीनं तो डबा दूर सारला. "अगं, तेच तर बियाणं होतं! परवा पेरायचं होतं."

मागच्या वर्षीचं उरलेलं बियाणं ओलीनं आधीच गेलं होतं. नणंदेला रडू फुटलं.

"निदान ही काच तरी नीट बसवते," म्हणत तिनं ती उचलली, आणि थबकली. फटीतून घरंगळलेले दाणे माझ्या तळाशी पडले होते. तिनं एकेक वेचून काचेवर ठेवला. मावशी वाकून पाहू लागली.

"हा चमकतोय. हा मंद. हासुद्धा मंद!"

मंद दाणे सहा निघाले. पाच उगवले.

मित्रांनो, काहीही टाकून देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, एवढं कुणाला तरी विचारा. त्या पाच रोपांची कणसं आज माझ्यावर सोलली जात आहेत. नणंद दर दाण्याला विचारते, "वहिनी, हा कुठल्या डब्यात?" मावशी वैतागते. मला मात्र तो प्रश्न फार आवडतो.