न बघता काढायचं बटण

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे, पण बिस्किटं माझ्या पोटात फार दिवस टिकली नाहीत. घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती. रिकामा झालो तशी त्या घरच्या आईने मला शिलाई मशीनपाशी नेलं आणि माझ्यात बटणं भरली. माझ्या झाकणाला एक पोचा आहे. तो तिच्या धाकट्या लेकीने मला ढोल समजून बडवलं तेव्हाचा.

ही लेक पुढे मानसशास्त्र शिकली आणि मुलांच्या दवाखान्यात कामाला लागली. तिथे सगळे तिला बाई म्हणू लागले.

त्या दवाखान्यात रक्त घेण्याच्या खोलीला लागून एक चिमुकली खोली होती. एक सतरंजी आणि खिडकीत बसवलेला कापडी हत्ती, एवढंच तिथलं सामान. निवृत्त झालेल्या एक शिक्षिका रोज तिथे येऊन, सुई टोचायच्या आधी मुलांना गोष्ट सांगत. त्यांना सगळे गोष्टवाल्या मावशी म्हणत. मोठ्या डॉक्टरांना मात्र ती खोली नव्या यंत्रासाठी हवी होती. गोष्टीने मुलांची भीती खरंच कमी होते, की आपल्यालाच बरं वाटतं म्हणून आपण तसं म्हणतो, असं त्यांनी विचारलं. विचारणं जरा टोचरं होतं, पण प्रश्न खोटा नव्हता. बाई म्हणाल्या, करून पाहू. भीती कमी होत असेल तर खोली राहील, नसेल तर तुमची.

तेव्हा बाईंना माझी आठवण झाली.

त्यांच्या आईने निळी आणि पिवळी बटणं निवडून दिली. आकार सारखा, भोकं सारखी, कड सारखी. बोटांना काही म्हणता काही कळू नये अशी. आईबापांची परवानगी घ्यायची, मला खळखळून हलवायचं आणि न बघता एक बटण काढायचं. निळं निघालं तर मूल मावशींकडे जाणार. पिवळं निघालं तर ते तेवढाच वेळ आईबापांजवळ बाकावर बसणार. सुई टोचून झाली की पलीकडच्या खोलीत बाईंच्या हाताखालची एक मुलगी त्याच्यापुढे हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे चेहरे काढलेलं कार्ड धरायची, आणि मूल आपल्याला जसं वाटतंय तशा चेहऱ्यावर बोट ठेवायचं. कोणाला कुठलं बटण निघालं ते या मुलीला सांगायचं नाही, असा बाईंचा दंडक होता. माहीत असलं की नजर आपोआप वाकडी होते, म्हणायच्या.

बटण काढायचं काम नर्सताईंकडे आलं. त्यांच्या कडेवर गेलं की कसलंही मूल निवायचं. त्यांना माझा कारभार मुळीच पटला नाही. कोणाला गोष्टीची गरज आहे ते मला तोंड बघूनच कळतं, मग या डब्याला कशाला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं.

"तेच तर नको ना, ताई," बाई म्हणाल्या. "तुम्ही निवडलंत की तुमची माया मध्ये येणार. डब्याला माया नाही."

"नाहीच आहे मेल्याला," असं म्हणून नर्सताईंनी माझ्या झाकणावर टिचकी मारली.

मला ते लागलं. पण माझी सगळी किंमत त्यातच होती.

सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले. मग एक चिमुरडी आली. वडिलांच्या सदऱ्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. नर्सताईंनी मला हलवलं, बटण काढलं. पिवळं. त्यांनी एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग ते बटण गुपचूप आत टाकलं आणि यावेळी नीट बघून निळं उचललं. मी खडखडलो, पण डब्याची खडखड कोण मनावर घेतं?

एकदा झालं की पुन्हा होतं. जे मूल फार रडे त्याला निळं. जे ऐटीत शीळ घालत येई त्याला जे निघेल ते. अशी सगळी भित्री पाखरं मावशींच्या सतरंजीवर जमली आणि बाकावर उरली ती नुसती धीट मंडळी.

शेवटी बाईंनी दोन्हीकडचे चेहरे ताडून पाहिले. फरक काहीच नव्हता. गोष्ट ऐकलेली मुलं आणि न ऐकलेली मुलं, सारखीच घाबरलेली. बाईंचा चेहरा उतरला, पण शब्द दिला होता. खोली गेली.

सुतार सतरंजीवर उभा राहून भिंतीला भोकं पाडत होता आणि मावशी हत्ती पिशवीत घालत होत्या, तेव्हा नर्सताईंना राहवलं नाही. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"रडणाऱ्या पोराला नुसतं बाकावर बसवायचं? माझ्याच्याने नाही झालं हो."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं नर्सताईंच्या तोंडावर दिसत होतं. मुळातच जास्त घाबरलेली मुलं गोष्ट ऐकून धीट मुलांइतकी शांत झाली असतील, तर मावशींनी केवढं मोठं काम केलं होतं! आणि नसेलही तसं. आता कळायला मार्गच उरला नव्हता. सगळं नव्याने करून पाहू द्या, असं सांगायला बाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, एकदा झालंय ना, आता यंत्रही आलंय.

पुढे मी कपाटात पडून राहिलो. अंगाला गंज चढला. कपाट आवरताना कोणीतरी मला भंगारात टाकलं, तर नर्सताईंनी उचलून घरी नेलं. आता त्यांची लेक माझ्याशी खेळते. परवा दुपारी तिने, आईकडून ऐकला होता तसा, बाहुल्यांचा दवाखाना मांडला होता. एकीला बटण काढलं, पिवळं निघालं, तशी तिने ते परत टाकून निळं शोधलं.

"बघून नाही काढायचं, राणी," नर्सताई म्हणाल्या.

"पण हिला ताप आहे ना, आई. हिला गोष्ट हवी."

नर्सताईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

"मग सांग तिला गोष्ट," त्या म्हणाल्या. "पण गोष्टीने बरं वाटलं की नाही, ते मला विचारू नकोस."

मित्रांनो, तुमची माया मला नकोशी नाही. पण ज्या दिवशी एखादा प्रश्न खरोखर विचाराल, त्या दिवशी मला जोरात हलवा आणि हात घालताना खिडकीबाहेर बघा. माया थोडी थांबेल. उत्तर मिळालं की ती बाकावरच्या मुलांनाही देता येईल.

मावशींच्या गोष्टीने भीती जात होती का? मला ठाऊक नाही. कोणालाच नाही.